मूळ निवासींचे खेळ आणि पडद्यावरचे संग्रहालय

कॅनडातील मूळ निवासींचा, म्हणजे फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या तीन समूहांचा, क्रीडा-इतिहास समृद्ध असूनही संग्रहालयांत तो दीर्घकाळ एखादे पदक, एखादी जुनी काठी आणि तिच्याखालची दोन ओळींची पाटी एवढ्यावरच आटोपला गेला. सरकारने व चर्चने चालवलेल्या निवासी शाळांत या समाजांची मुले कुटुंबांपासून तोडून ठेवली जात आणि त्यांची भाषा व चालीरीती मोडून काढल्या जात. या अन्यायाची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाने 2015 मध्ये 94 आवाहने केली. त्यांतील 87 व्या आवाहनाने मूळ निवासी खेळाडूंचा इतिहास जनतेपर्यंत नेण्याचे काम शासन आणि क्रीडा-गौरव दालने यांच्याकडे, त्या समाजांच्या सहभागाची अट घालून, सोपवले. कॅलगरीच्या ‘कॅनडाज स्पोर्ट्स हॉल ऑफ फेम’ने मूळ निवासी क्रीडावीरांविषयीचा जो डिजिटल शैक्षणिक उपक्रम 2021 मध्ये सुरू केला, तो याच दिशेचा आहे.

अशा मांडणीची निकड टॉम लाँगबोट या ऑनोंडागा समाजातील धावपटूच्या चरित्रातून कळते. ऑन्टारिओतील ग्रँड नदीकाठच्या ‘सिक्स नेशन्स’ वस्तीत जन्मलेल्या आणि निवासी शाळेतून पळून गेलेल्या लाँगबोटने 1907 ची बॉस्टन मॅरेथॉन, जी त्या काळी सुमारे 39 किलोमीटरची होती, 2 तास 24 मिनिटे 24 सेकंदांत जिंकून आधीचा विक्रम जवळजवळ पाच मिनिटांनी मोडला. कठोर सरावाच्या दिवसांमध्ये हलक्या सरावाचे दिवस पेरण्याची त्याची पद्धत पुढे प्रशिक्षणशास्त्रात रूढ झाली, परंतु तत्कालीन वृत्तपत्रांनी तिला आळस ठरवले आणि त्या आरोपाला त्याच्या वंशाची जोड दिली. केवळ करंडक मांडून हा अन्याय उमगत नाही. डिजिटल प्रदर्शनात मात्र त्या बातम्यांची कात्रणे, धावण्याच्या मार्गाचा नकाशा आणि समाजातील जाणत्यांचे कथन शेजारी शेजारी ठेवता येते, आणि वाचकाला जुन्या बातमीची स्वतः पारख करता येते.

लॅक्रॉस या खेळाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. जाळीच्या काठीने चेंडू झेलत, फेकत खेळला जाणारा हा खेळ हौडेनोशौनी, म्हणजे युरोपीय ज्यांना इरोक्वॉय म्हणत त्या सहा राष्ट्रांचा संघ, सृष्टिकर्त्याची देणगी मानतो आणि रुग्णाला बरे वाटावे म्हणूनही तो खेळला जातो. मॉन्ट्रियलचे दंतवैद्य जॉर्ज बीअर्स यांनी 1860 च्या दशकात त्याचे नियम लिखित केले. पुढे 1880 मध्ये हौशी खेळाडूंपुरत्या स्पर्धा मर्यादित झाल्या आणि खेळण्याचा मोबदला घेणारे मूळ निवासी खेळाडू आपल्याच खेळाच्या अजिंक्यपद स्पर्धांतून बाहेर फेकले गेले. हिकरी या चिवट लाकडाला वाफेने वाक देऊन घडवलेल्या काठीची अनेक कोनांतून छायाचित्रे घेऊन संगणकावर तिची त्रिमितीय प्रतिकृती उभारता येते, ती पडद्यावर फिरवून जाळीची वीण न्याहाळता येते. पण बहिष्काराचा हा इतिहास सांगितल्याशिवाय ती प्रतिकृती नुसती शोभेची ठरेल.

उपचारविधी म्हणून खेळला जाणारा लॅक्रॉस तर सार्वजनिक प्रदर्शनासाठी नसतोच, आणि येथे ‘सर्वांना सर्व काही खुले’ हे डिजिटल जगाचे आवडते तत्त्व थांबले पाहिजे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या 2007 च्या मूळ निवासी हक्कांच्या जाहीरनाम्याचे 31 वे कलम खेळ आणि पारंपरिक क्रीडा यांचा नावानिशी उल्लेख करून त्यांच्या वारशावरील नियंत्रणाचा हक्क त्या समाजांना देते. हे तत्त्व तंत्रज्ञानात उतरवणेही शक्य आहे: ऑस्ट्रेलियातील वारुमुंगु समाजासोबत विकसित झालेली ‘मुकुर्तू’ ही मुक्त संगणकप्रणाली कोणते चित्र किंवा ध्वनिमुद्रण कोणी पाहावे-ऐकावे, हे समाजाच्या रीतीप्रमाणे ठरवू देते.

पोहोचीचा प्रश्न भूगोलाचाही आहे. चार हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या शॅरन आणि शर्ली फर्थ या ग्विचिन समाजातील जुळ्या स्कीपटू बहिणी ज्या सुदूर उत्तरेतून आल्या, तेथून मोठ्या शहरांतील संग्रहालये फार दूर आहेत, आणि उत्तरेकडील अनेक वस्त्यांत इंटरनेटही संथ व महाग असते. म्हणून जड चित्रफितींसोबत हलका मजकूर, उतरवून ठेवता येणारे ध्वनिमुद्रण आणि स्थानिक भाषेतील कथन देणे हे अशा प्रदर्शनाचे पहिले कर्तव्य ठरते. ज्यांचा हा वारसा आहे त्या वस्तीतील शाळकरी मुलाला जे प्रदर्शन उघडता येत नाही, ते कितीही देखणे असले तरी अपुरेच मानावे लागेल.