विश्लेषण : राष्ट्रपती निवडताना आमदारांना व्हीप का नाही?

नागपूर : राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत नागपूर जिल्ह्यातील १२ आमदारांच्या मतांचे मूल्य मिळून २,१०० भरते. मात्र ही मते कोणाला द्यायची, याची सक्ती पक्ष करू शकत नाही.

मताचे मूल्य कसे ठरते?
१९७१ च्या जनगणनेतील राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या एकूण जागांनी आणि नंतर १,००० ने भागले जाते. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ आणि जागा २८८. म्हणून एका आमदाराचे मत १७५ चे. उत्तर प्रदेशात ते २०८, तर सिक्कीममध्ये ७ आहे. विधान परिषदेच्या आमदारांना मताधिकार नाही.

व्हीप का नाही?
पक्षांतरबंदी कायद्यातील व्हीप सभागृहातील मतदानापुरता असतो. ही निवडणूक सभागृहाचे कामकाज नाही, शिवाय मतदान गुप्त असते. १९६९ मध्ये इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीने मतदानाचे आवाहन केले आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी हरले, व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले.

अमेरिकेत काय होते?
तेथे अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींचे नियम प्रत्येक राज्य ठरवते. ४८ राज्यांत सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला सर्व प्रतिनिधी मिळतात. मेन आणि नेब्रास्कात काही प्रतिनिधी मतदारसंघनिहाय ठरतात. २०१६ मध्ये वेगळे मत देणाऱ्या प्रतिनिधींना वॉशिंग्टन राज्याने प्रत्येकी १,००० डॉलर दंड केला. २०२० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

मतदारांसाठी फरक काय?
तेथे अनेक राज्यांत जनतेचा कौल प्रतिनिधीला कायद्याने बांधतो. येथे आमदार मोकळा आहे. पण त्याने कोणाला मत दिले, हे त्याला निवडून देणाऱ्या नागपूरकरांना अधिकृतपणे कळत नाही.