दुरुस्तीला परवानगी आहे का?

‘दुरुस्ती’ म्हटलं की आपल्याला आठवतो हॉस्टेलचा गीझर. अमेंडमेंटलाही मराठीत दुरुस्तीच म्हणतात हे माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्याला फार उशिरा कळलं! या दुसऱ्या दुरुस्तीपायी अमेरिकेच्या सिनेटमध्ये एक चांगलं विधेयक अडकलं, त्याची ही गोष्ट.

२०१४ साली जीन शाहीन (डेमोक्रॅट) आणि रॉब पोर्टमन (रिपब्लिकन) यांचं ऊर्जाबचतीचं विधेयक चर्चेला आलं. इमारतींत, कारखान्यांत ऊर्जा कमी लागावी, एवढाच साधा हेतू. पाठिंबा दोन्हीकडून. मग अडलं कुठे? रिपब्लिकनांना त्यात कॅनडाचं तेल आणणारी कीस्टोन पाइपलाइन आणि वीजकेंद्रांचे प्रदूषण-नियम यांवर दुरुस्त्या मांडायच्या होत्या. बहुमताचे नेते हॅरी रीड म्हणाले, कीस्टोनवर वेगळं मतदान घेऊ, पण या विधेयकाला हात लावायचा नाही.

आता गंमत बघा. सिनेटमध्ये बोलायची पहिली संधी बहुमताच्या नेत्याला मिळते आणि एका वेळी ठरावीकच दुरुस्त्या मांडता येतात. त्या सगळ्या जागा नेत्याने स्वतःच्याच किरकोळ दुरुस्त्यांनी भरल्या की बाकीचे बसले हात चोळत! जनरलच्या डब्यात रुमाल टाकून सीट धरतात ना, अगदी तसंच.

पण चर्चा संपवायला १०० पैकी ६० मतं लागतात. १२ मे २०१४ ला मिळाली ५५. खेळ खल्लास.

दार उघडलं तर ऊर्जाबचत बाजूला राहून निवडणुकीचं राजकारण सुरू होणार, ही रीड यांची भीती अगदीच खोटी नव्हती. तरी मला ती अर्धीच पटते. कारण २०१५ मध्ये बहुमत रिपब्लिकनांकडे गेलं आणि मिच मॅकॉनेल यांनी कीस्टोनच्या विधेयकावर दुरुस्त्या खुल्या केल्या. २०१४ च्या अख्ख्या वर्षात झालं नव्हतं इतकं दुरुस्त्यांवरचं मतदान त्या एका विधेयकावर झालं! ‘हवामानबदल खरा आहे, थोतांड नाही’ ही दुरुस्ती ९८ विरुद्ध १ ने मंजूर. ‘माणूस त्याला बऱ्याच प्रमाणात कारणीभूत आहे’ हिला ५० विरुद्ध ४९. हवी होती ६०, म्हणून पडली. पण कोण कुठे उभा आहे ते कागदावर तरी आलं. विधेयक ६२ विरुद्ध ३६ ने पास झालं, आणि २४ फेब्रुवारीला ओबामांनी व्हेटो केला.

शाहीन-पोर्टमनचं काय? त्याचा एक छोटा तुकडा एप्रिल २०१५ मध्ये कायदा झाला. त्यात सुमारे २८४ लिटरहून मोठ्या, ग्रिडला जोडून नियंत्रित करता येणाऱ्या वॉटर हीटर्सना नव्या नियमांतून सूट मिळाली. तिथल्या ग्रामीण वीज सहकारी संस्था असे हीटर वापरतात : मागणी कमी असताना पाणी तापवून ठेवायचं, म्हणजे पीक लोडला ताण नाही.

शेवटी गाडी आली गीझरवरच!