‘वीस वर्षं’ : दोन मैत्रिणींचं गाणं

आजच्या गप्पा क्युबा देशातल्या एका गाण्याच्या. ‘बेइन्ते आन्योस’ म्हणजे ‘वीस वर्षं’. तिथल्या थोरामोठ्यांना ते तोंडपाठ असतं.

क्युबा हे अमेरिकेच्या दक्षिणेला समुद्रातलं बेट. तिथे उसाच्या मळ्यांत राबायला आफ्रिकेतून माणसं गुलाम म्हणून आणली जात. ही गुलामी १८८६ साली कायद्याने संपली. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८९५ मध्ये, ग्वानाहाय गावात मारिया तेरेसा वेरा जन्मली. तिची आई आरांबुरू नावाच्या सधन घरी कामाला होती. त्याच घरातली गियेर्मिना तिची बालमैत्रीण.

तेव्हा गिटार घेऊन गात फिरणं हे पुरुषांचं काम मानलं जाई. मारिया तेरेसा गिटार शिकली आणि त्यांच्या बरोबरीने गायला लागली. १९२६ साली तर तिने सहा जणांचा स्वतःचा वाद्यवृंद काढला.

‘वीस वर्षं’ हे गाणं १९३५ सालचं. चाल मारिया तेरेसाची, शब्द गियेर्मिनाचे. नवऱ्याचं मन उडालं, संसार तुटला, ते दुःख गियेर्मिनाने शब्दांत मांडलं, असं सांगतात. गाण्यातली बाई शिव्याशाप देत नाही. एके काळी जिच्यावर त्याचा जीव होता, तिला तो आता विसरला, एवढंच ती म्हणते. चालही संथ, झोके घेणारी. हवाना शहराच्या नावावरून या तालाला ‘आबानेरा’ म्हणतात.

पण बरीच वर्षं लोकांना हे गाणं एकट्या मारिया तेरेसाचंच वाटे. आपलं नाव पुढे येऊ नये, ही गियेर्मिनाचीच इच्छा होती म्हणतात. घरची गोष्ट चारचौघांत गेली तर बोल कुणाला लागतो, हे तुम्हा-आम्हाला कुणी सांगायला नको. तिचं दुःख घरोघरी गायलं गेलं, नाव मात्र झाकलेलं राहिलं.

मारिया तेरेसा १९६५ साली वारली. पुढे १९९७ मध्ये ‘बुएना व्हिस्ता सोशल क्लब’ या ध्वनिमुद्रिकेत ओमारा पोर्तुओंदो यांनी हे गाणं गायलं आणि ते जगभर पोचलं. आज त्यावर दोघींची नावं लागतात.

तेव्हा गाणं आवडलं की गळा कुणाचा हे विचाराच, पण शब्द कुणाचे हेही विचारा. आम्हीही यापुढे गाणं लावताना दोन्ही नावं सांगू.