डोक्याला मार लागला तर 'खेळ पुढे' म्हणू नका

मे महिन्यात जामसंड्याच्या सड्यावर ऊन उतरले की वाडीतली पोरे जमतात. यंदा त्यांनी स्वतःचाच एक खेळ काढला. मोबाईलवर पाहिलेला बेसबॉल, त्यात आपली लगोरी आणि थोडी कबड्डी. झावळीच्या दांड्याने चेंडू टोलवायचा, चार चिऱ्यांना शिवत धावायचे. अडवणारा चेंडू फेकून मारील, नाहीतर कमरेला मिठी मारून पाडील.

एका संध्याकाळी एका मुलाच्या कानशिलावर कोपर बसले. तो गरगरून खाली बसला. आम्हा मोठ्यांपैकीच कोणीतरी ओरडले, "काय जावक नाय, खेळ!" तो उठून खेळलाही. रात्री त्याला दोनदा उलटी झाली, तेव्हा आम्ही घाबरून त्याला रुग्णालयात नेले. मुलगा बरा आहे. पण चूक आमची होती.

धावणाऱ्याला चेंडू मारून बाद करणे अमेरिकेतही जुनेच होते. 1845 साली न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने नियम लिहिले, त्यात ही पद्धत बंद केली. खेळ तेवढ्याने संपला नाही, वाढला. म्हणून आम्हीही मुलांना बसवून नियम लिहायला लावले. चेंडू मऊ रबराचा किंवा चिंध्यांचा. नेम कमरेखाली. मागून ढकलायचे नाही, डोके-मान धरायची नाही. चिऱ्यांऐवजी जमिनीवर चुन्याच्या खुणा. मिठी मारून पाडायचे असेल तर सडा सोडून मऊ मातीवर खेळायचे. खेळ उन्हे उतरल्यावरच, आणि मध्येमध्ये पाणी.

डोक्याला मार लागला, तर मुलाला लगेच बाहेर बसवा. त्या दिवशी पुन्हा खेळवू नका. एकटे सोडू नका. एक-दोन दिवस विश्रांती द्या, मोबाईलही कमी. टकरीचा खेळ डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, बरळणे, झोपेतून नीट जाग न येणे, झटके, हातापायांत कमजोरी किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही दिसले तर 108 ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका. खरचटले तर साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल आरोग्य केंद्रात विचारा.

पण खेळ बंद करू नका. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात मुलीही आल्या. पाणी भरून झाल्यावर उरलेला वेळ म्हणजे त्यांचा खेळ नव्हे.

पळवणकर बाळू पुण्यात खेळत, तेव्हा मैदानावर चेंडू सर्वांचा एकच असे. चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. आज आमची पोरे एकमेकांना बिनदिक्कत मिठी मारून पाडतात, एकाच तांब्यातून पाणी पितात. हे मैदान राखायचे, आणि त्यावर खेळणारी डोकीही.

जय भीम!