व्हिसा : मुदत, मुक्काम आणि हेतू

पुणे-सोलापूर महामार्गालगत, मोहोळ तालुक्याच्या हद्दीत पसरलेल्या चिंचोळी एमआयडीसीला परदेशप्रवासाचे अप्रूप आता फारसे उरलेले नाही. दरवर्षी जानेवारीत जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे भरणाऱ्या ‘हाइमटेक्स्टिल’ या गृहवस्त्रांच्या प्रदर्शनासाठी सोलापूरच्या टॉवेल-उत्पादकांची जुळवाजुळव कित्येक महिने आधीच सुरू होते, आणि तिच्याबरोबर व्हिसाविषयीच्या काही चिवट समजुतींनाही नवी पालवी फुटते.

शेंगेन व्हिसा 29 देशांत चालतो, तेव्हा ज्या वकिलातीची तारीख लवकर मिळेल तेथे अर्ज गुदरावा, ही त्यांतली पहिली. व्हिसा एक असला, तरी तो देणारी वकिलात आपल्या सोयीने निवडण्याची मुभा अर्जदारास नाही. प्रवासाचे मुख्य प्रयोजन किंवा सर्वांत दीर्घ मुक्काम ज्या देशात, त्याच्याकडेच अर्ज करावा लागतो. असा एकही देश ठरवता येत नसेल, तरच जेथून प्रथम प्रवेश करावयाचा त्या देशाकडे. फ्रँकफर्टला स्टॉल मांडणाऱ्याने दुसऱ्याच देशाकडे अर्ज करून सोबत स्टॉलच्या भाड्याची पावती आणि हॉटेलचे आरक्षण मात्र जर्मनीचे जोडले, तर त्याचेच कागद त्याच्याविरुद्ध जबानी देतात.

दुसरी समजूत याहून महागात पडणारी. पासपोर्टावर डकवलेल्या व्हिसावर आरंभाची आणि अखेरची अशा दोन तारखा असतात आणि निराळ्या रकान्यात मुक्कामाच्या दिवसांचा आकडा असतो. परंतु दृष्टी खिळते ती तारखांवर. वस्तुतः प्रवास थोडा पुढेमागे झाल्यास अडचण होऊ नये म्हणून एका फेरीच्या व्हिसाच्या मुदतीत सामान्यतः 15 दिवसांची सवलत मिळवलेली असते, त्यामुळे 10 दिवसांच्या मुक्कामाचा व्हिसा 25 दिवस वैध दिसतो. मुक्काम मात्र 10 दिवसांचाच, आणि त्यात उतरण्याचा व निघण्याचा हे दोन्ही दिवस मोजले जातात. अनेक प्रवेशांचा, दीर्घ मुदतीचा व्हिसा हाती आला, तरीही कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांची मर्यादा सुटत नाही; आणि ही गणना वर्षारंभापासून नव्हे, तर मुक्कामाच्या प्रत्येक दिवसापासून मागे 180 दिवस जाऊन करावयाची असते. अमेरिकेच्या 10 वर्षांच्या व्हिसाबाबतही हाच घोटाळा आढळतो: त्या काळात तेथे जाऊन प्रवेश मागता येतो इतकेच, राहण्याची मुदत प्रत्येक खेपेस विमानतळावरील अधिकारी ठरवतो.

‘बिझनेस’ व्हिसावर कोणतेही काम चालते, असे मानणारेही थोडे नाहीत. ग्राहकाशी वाटाघाटी, प्रदर्शन, करारनाम्यावर सही इथवर तो पुरतो. तेथील मालकाची पगारी चाकरी त्यावर करता येत नाही. आपण विकलेले यंत्र उभारून देण्यास माणूस पाठवावयाचा असेल, तर देशागणिक नियम पाहावा. अमेरिकेत बी-1 व्हिसावर ते शक्य आहे, पण विक्रीच्या करारनाम्यात तशी अट असावी लागते, जाणारा त्या यंत्राचा विशेष जाणकार असावा लागतो आणि त्याचा मोबदला तेथून मिळता कामा नये.

कारखानदाराची चूक फार तर एक हंगाम बुडवते. कामगाराची चूक घर बुडवते. ‘व्हिजिट व्हिसावर आखातात जा, नोकरीचे मग तिथे पाहू,’ असे सांगणारा दलाल कामगाराला कायद्याच्या संरक्षणाबाहेर ढकलत असतो, कारण त्या व्हिसावर नोकरी करणे हाच तेथे गुन्हा ठरतो. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टावर सामान्यतः ‘ईसीआर’ ही नोंद असते. अशांना आखाती देश धरून 18 देशांत नोकरीसाठी जाताना 1983 च्या कायद्यान्वये सरकारी मंजुरी घ्यावी लागते, आणि ती टाळण्यासाठीच व्हिजिट व्हिसाची ही युक्ती योजली जाते. नोंदणीकृत एजंटास कामगाराकडून 30,000 रुपये व त्यावरील जीएसटी यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळता येते, आणि ही खातरजमा पैसे मोजण्यापूर्वी करावयाची असते.