साखळी कोणाच्या हातात?

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालात की नागाव-चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत फाटकांवर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशा पाट्या दिसतात. पूर्वी वाडीतला कुत्रा म्हणजे गावठी; परक्याला भुंके, ओळखीच्याला शेपटी हलवी. आता काही बंगल्यांत रॉटवायलरसारखी दांडगी जनावरे आली आहेत. मालक मुंबईला, साखळी मात्र राखणीला ठेवलेल्या गावच्याच गड्याच्या हाती.

उद्या दारावर आलेल्या कोळणीला ते जनावर फाडू लागले, तर जबाबदार कोण? 'पाटी लावली होती की!' एवढ्याने सुटका होत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ (१ जुलै २०२४ पूर्वी दंडविधानाचे २८९) म्हणते की, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका वा जबर इजा संभवत असेल आणि जाणूनबुजून किंवा हयगयीने पुरेसा बंदोबस्त केला नाही, तर तो गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यातला 'ताब्यातल्या' हा शब्द नीट ऐका. 'मालकीच्या' असे तिथे म्हटलेले नाही. म्हणजे मालकाबरोबर बिचारा गडीही अडकू शकतो! तेव्हा त्याने नोकरी धरतानाच मुसके, मजबूत कुंपण आणि लशीचा दाखला मागून घ्यावा. यात भिडेचे काय काम?

जातीचे म्हणाल, तर मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबवण्याविषयी राज्यांना पत्र धाडले. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केले. कलम २९१ मात्र जात विचारीत नाही. गावठी कुत्र्यालाही ते लागू आहे.

स्थानिक कारभाराची तऱ्हा निराळी. अलिबाग, मुरूडला नगरपरिषदा आहेत. १९६५ चा अधिनियम त्यांना पाळीव कुत्र्यांवर कर बसवण्याची मुभा देतो, आणि कर आला की नोंद आलीच. नागाव, चौल, रेवदंडा इथे ग्रामपंचायती. तिथे कुत्र्यांच्या नोंदीचा व लसीकरणाचा विषय ग्रामसभेत गावकऱ्यांनीच काढायला हवा. गडीमाणसे तिथे बसतातच; बंगलेवाल्यांनाही बोलवावे.

आणि चावा झालाच, तर भांडण नंतर. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद-चुना भरू नये. कुत्रा घरचा असो की परका, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा आणि सुयांचा क्रम मध्येच सोडू नये.