भोपाळचा व्रण आणि पंचनाम्याची घाई

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वायू जयप्रकाश नगर, छोला, काझी कॅम्प या वस्त्यांवर पसरला. पहाटेपर्यंत हमीदिया रुग्णालयाच्या ओसऱ्या भरून गेल्या. गांधी मेडिकल कॉलेजात न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख डॉ. हीरेश चंद्र यांनी शवविच्छेदनं सुरू केली, तेव्हा त्यांना दिसली पाण्याने जड झालेली फुप्फुसं आणि गडद लाल रक्त. त्या मृतांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. हा लेख वाचलेल्यांच्या शरीरात पुढे कित्येक वर्षं चालू राहिलेल्या कामाबद्दल आहे.

ते काम करते फायब्रोब्लास्ट ही पेशी. संयोजी ऊतकात, म्हणजे अवयवांना धरून ठेवणाऱ्या जाळ्यात ती राहते आणि कोलॅजनचे तंतू विणते. वायूने श्वासनलिकांचं अस्तर जळालं की दाह उसळतो, टीजीएफ-बीटासारखे रासायनिक निरोप सुटतात आणि या पेशी जाग्या होतात. जाग्या झालेल्या काही पेशी स्नायूसारख्या आकुंचन पावू लागतात. ज्युलिओ गॅबियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये भरत्या जखमेत त्या ओळखल्या. आज त्यांना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. जखमेच्या कडा ओढून घेणं, तंतू भरणं आणि काम झालं की मरून जाणं, हा त्यांचा नेम. दाह धुमसत राहिला तर मात्र त्या मरत नाहीत. भेग बुजल्यावरही थापी न थांबवणाऱ्या गवंड्यासारख्या त्या थर चढवत राहतात. बारीक श्वासनलिका अरुंद होतात, वायुकोषांच्या भिंती जाड होतात.

भोपाळमध्ये हे घडताना डॉक्टरांनी पाहिलं, आणि त्यात परळच्या केईएम रुग्णालयाचा वाटा मोठा आहे. डॉ. एस. आर. कामत, डॉ. ए. ए. महाशूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक गॅसपीडितांची तपासणी केली, १९८५ मध्येच निष्कर्ष छापले आणि पुढेही पाठपुरावा चालू ठेवला. श्वासाच्या चाचण्या, छातीची छायाचित्रं, चालल्यावर लागणारी धाप यांची त्यांनी केलेली नोंद मला त्या काळातल्या कोणत्याही सरकारी निवेदनापेक्षा मोलाची वाटते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या डॉ. एस. श्रीरामाचारी यांच्या विकृतिशास्त्रीय अभ्यासात उशिरा दगावलेल्यांच्या फुप्फुसांत तंतूंची वाढ दिसली. मद्रासच्या डॉ. व्ही. के. विजयन यांच्या चमूने फुप्फुसं धुऊन आलेल्या द्रवातल्या पेशी मोजल्या. वायूचा मारा जितका जबर, तितक्या दाहाच्या पेशी अधिक, आणि हे दुर्घटनेला काही वर्षं उलटल्यावर. १९९७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दहा वर्षांनंतरही बारीक श्वासनलिकांमधला अडथळा आढळला.

फुप्फुस बिघडलं की पाळी हृदयाची. आकसलेल्या फुप्फुसात रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण येतो, त्याची भिंत जाड होते आणि मग तिथलेही फायब्रोब्लास्ट तंतू विणू लागतात. अमेरिकेत उंदरांना हाच वायू दिल्यानंतर काही महिन्यांनी, सर्वाधिक मात्रा मिळालेल्या उंदरांत हृदयावरचे असे परिणाम नोंदले गेले. एकेका माणसाबाबत मात्र कारण ठरवणं अवघड असतं. क्षयरोग, विडी, चुलीचा धूर हेही त्याच वस्त्यांत होते. म्हणूनच पिढीभर चालणारा काटेकोर पाठपुरावा हवा होता. परिषदेचे मूळ प्रकल्प १९९४ पर्यंत आटोपले, हे मला अक्षम्य वाटतं.

हृदयातला असा तंतूंचा व्रण सर्वस्वी शत्रू नव्हे, हेही सांगायला हवं. माणसाच्या हृदयस्नायूच्या पेशी वर्षाला जेमतेम एक टक्का नव्याने बनतात, वय वाढेल तसं त्याहून कमी. झटक्यानंतर मेलेल्या स्नायूच्या जागी फायब्रोब्लास्टने घाईने तंतू विणले नाहीत तर हृदयाची भिंत फाटते. त्यांना सरसकट रोखणं म्हणजे रोग्याला मारणं. संशोधकांची धडपड त्यांना वेळेवर थांबवण्याची आहे. २०१९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जोनाथन एप्स्टाइन यांच्या गटाने बदललेल्या टी-पेशींनी उंदरांच्या हृदयातले अतिउत्साही फायब्रोब्लास्ट नष्ट केले आणि हृदयाचं काम सुधारलं. फुप्फुसाच्या तंतुवाढीवर वापरलं जाणारं पिरफेनिडोन २०२१ मध्ये एका प्रकारच्या हृदयविकारात तपासलं गेलं, तेव्हा हृदयातली तंतुवाढही थोडी कमी झाली. फुप्फुस आणि हृदय यांचे डॉक्टर वेगवेगळे असतात, पण दोन्हीकडे व्रण घालणारी पेशी एकाच कुळातली.

आता भरपाईकडे पाहा. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पुढे ज्यांचे दावे मंजूर झाले, त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक जणांची नोंद ‘किरकोळ इजा’ अशी झाली. बहुतेकांच्या हाती मूळ २५ हजार रुपये आले, नंतर तेवढेच पुन्हा. व्रण अजून वाढत असताना त्याच्यावर शिक्का बसला. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली.

न्यायालयाचं दार बंद झालं, तरी दवाखान्याचं बंद होण्याचं कारण नाही. शहरात भोपाळ मेमोरियल रुग्णालय आहे, २०१० मध्ये स्थापन झालेली पर्यावरण-आरोग्य संशोधन संस्था आहे, एम्स आहे. हयात असलेल्या प्रत्येक गॅसपीडिताची श्वासचाचणी आणि हृदयाची इको तपासणी दरवर्षी, मोफत व्हावी, गरज दिसेल तिथे एमआरआय व्हावा आणि या नोंदी संशोधकांना खुल्या असाव्यात. आपल्या ओळखीत १९८४ चे भोपाळकर असतील आणि जिना चढताना त्यांना धाप लागत असेल किंवा घोटे सुजत असतील, तर वयाचा दोष म्हणून सोडून देऊ नका. त्यांना इको करून घ्यायला लावा.